बर्फाचे एक डॉलर साठ

मंजूने बर्फाचे पैसे लावलेत. निम्मे. एक डॉलर साठ सेंट. आमच्या ॲरिझोनाच्या सहलीत फ्लॅगस्टाफच्या पंपावर घेतलेली पिशवी, पेज गावाला पोचेपर्यंत तिचं पाणी झालं होतं. तिला चँडलरला सोडून मी घरी येते, चपला काढते न काढते तोच खर्च वाटायच्या त्या ॲपवर नोंद हजर.

पैशाचं काही नाही. हे मी सकाळपासून स्वतःला बजावतेय आणि सकाळपासून तेच उगाळत बसलेय. हॉटेल वाटून घेतलं, ठीक. पेट्रोल, तेही ठीक. पण बर्फ?

सुरुवात खरं तर पेजलाच झाली होती. ग्लेन कॅन्यन धरणाच्या अलीकडे गाडी लावून आम्ही मी केलेल्या तिखटमिठाच्या पुऱ्या खात होतो. मंजू खाता खाता म्हणाली, "अगं, या पुऱ्यांचे किती लावू? कणीक, तेल, आणि तुझा वेळ गेला तो वेगळाच." मला वाटलं थट्टा करतेय. वर बघितलं तर फोनवर 'पुऱ्या' लिहून आकड्यासाठी थांबलेली. काचेवर तेलाचा अंगठा.

मी म्हटलं, "पन्नास डॉलर लाव." तेव्हा कुठे तिने ते पुसलं.

समोर पॉवेल तलाव होता, म्हणजे त्याचं जेवढं उरलंय तेवढं. लाल कड्यांवर शंभर फुटांहून उंच पांढरा पट्टा, पाणी उतरत गेलं आणि क्षार मागे राहिले त्याचा. ही कोलोरॅडो नदी १९२२ साली सात राज्यांनी कागदावर वाटून घेतली. वरच्यांना वर्षाला ७५ लाख एकर-फूट (एक एकर-फूट म्हणजे एकरभर जमिनीवर फूटभर पाणी), खालच्यांना तेवढंच. हिशोबाला धरलेली वर्षं नेमकी जास्त पाण्याची निघाली, त्यामुळे नदीत एरवी येतं त्याहून जास्त पाणी वाटून मोकळे झाले. १९४४ मध्ये मेक्सिकोला कबूल केलेलं १५ लाख आणखी वेगळंच. आणि तिथून जवळच नावाहो या मूळनिवासी जमातीच्या वस्त्यांत आजही कितीतरी घरांना नळ नाही, माणसं गाडीवर टाकी घालून पाणी आणतात. हे सगळं मी मंजूला जरा खोचूनच ऐकवलं. "बघ, कागदावर वाटण्या केल्या की काय होतं ते."

"म्हणून तर नीट करायच्या," ती म्हणाली आणि पुरीच्या डब्याचं झाकण लावलं.

मॉन्युमेंट व्हॅलीचं काय लिहू? फोटोत दिसते तशीच आहे. त्यापेक्षा घड्याळांचा घोळ लक्षात राहिला. ॲरिझोना उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाही, नावाहो करतात, आणि नावाहोंच्या मधोमध राहणारे होपी पुन्हा करत नाहीत. माझा फोन मनाला येईल तेव्हा तासभर उडी मारत होता, मंजूचा ढिम्म हलत नव्हता. दोघी शेजारी बसून तासाच्या अंतरावर. उशीर कोणामुळे झाला यावर केयेंटापर्यंत वाद, मग बराच वेळ कोणी काही बोललं नाही. मंदारचं नाव तेवढ्यात निघेल असं वाटलं होतं. नाही निघालं.

पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये मात्र मी अडकले. वीस कोटींहून जास्त वर्षांपूर्वीची झाडं, लाकडाच्या जागी गारगोटी भरलेली, साल नि गाठी जशाच्या तशा. लोक तुकडे खिशात घालून नेतात आणि वर्षांनी पोस्टाने परत पाठवतात, सोबत माफीचं पत्र. नेल्यापासून नोकरी गेली, बायको गेली, असलं काय काय त्यात लिहिलेलं असतं. पण आलेले दगड जागेवर ठेवता येत नाहीत, कारण कुठून उचलले ते कोणालाच माहीत नसतं. म्हणून आतल्या एका रस्त्याकडेला त्यांचा ढीग केलाय. मंजू ते वाचत बराच वेळ उभी होती. मला म्हणाली, "निदान पाठवले तरी." मी काही बोलले नाही.

गेल्या वर्षी मंजू-मंदारच्या घरातले चमचेसुद्धा मोजून वाटले गेले. मी होते तिथे, खोके मीच बांधले. तेव्हापासून ती कोणाचं काही अंगावर ठेवत नाही. कळतं मला. पण मी मंदार नाही ना!

सदाशिव पेठेतल्या खोलीवर मेसचा डबा एक आणि खाणाऱ्या दोघी. कोणाच्या पर्समधून किती गेले हे कोणी बघायचं नाही. असं लिहून छान गळा काढता येईल, पण खरं सांगायचं तर तेव्हा पर्समध्ये बघण्यासारखं काही नसायचंच. मोठं मन फुकट पडत होतं.

तर मघाशी चहा घेऊन बसले आणि यादी वरपासून खालपर्यंत वाचून काढली. हो, मीच, हिशोब बघायला. पेट्रोल आहे, हॉटेलं आहेत, पार्कचं तिकीट आहे, तिची कॉफी फक्त तिच्या नावावर आहे. चिनलीचं जेवण कुठेच नाही. मेंढीच्या मटणाचा स्ट्यू आणि ताटाएवढा फ्राय ब्रेड, आणि कार्ड तिचंच होतं, मी बघितलंय. विसरली म्हणावं, तर जिला बर्फ आठवतो ती मटण विसरेल? मुद्दाम सोडलं असेल तर मग पुऱ्यांच्या बदल्यात सोडलं का? म्हणजे तेही लावलंच की! विचारायची सोय नाही. विचारलं तर दोन मिनिटांत टाकेल, टिपेसकट.

एक डॉलर साठ पाठवून दिले. लगेच अंगठा आला आणि मागोमाग, "नोव्हेंबरात व्हाइट सँड्स?" तिथली वाळू जिप्समची, उन्हात तापत नाही, अनवाणी चालता येतं म्हणे. हो म्हटलंय. गाडी माझीच काढू. पेट्रोलचं बघू.