पोचा आलेला ट्यूबा

आमच्या जर्मनीतल्या, बव्हेरियामधल्या गावाला स्वतःचा बँड आहे, म्युझिकफेराइन म्हणतात त्याला, आणि त्यातली ट्यूबाची एक खुर्ची बरेच दिवस रिकामी होती. मी आयुष्यात पिपाणीसुद्धा वाजवली नव्हती तरी हो म्हणून बसले. ट्यूबा म्हणजे मांडीवर लेकरू घेतल्यासारखा घ्यायचा तो पितळी भोंगा, सगळ्यात खालचा सूर त्याचा. दीड वर्ष बँडचा वापरला, मग स्वतःचा घ्यायचं वेड डोक्यात शिरलं. आई फोनवर म्हणाली, अगं एवढ्या पैशात पाटल्या आल्या असत्या. खोटं नाही, नवीन चांगला ट्यूबा युरोत चार आकडी आणि मोठी मॉडेल्स तर पाच आकडी.

पहिल्यांदा मी सुटसुटीत दिसला म्हणून एफ ट्यूबा बघितला, म्हणजे ज्याचा मूळ सूर एफ आहे तो. मुलांची छोटी सायकल असते तसा हा शिकाऊ लोकांचा असणार असं वाटलं, आणि तिथेच फसले. १८३५ साली बर्लिनमधे बँडमास्तर वीप्रेख्ट आणि वाद्य बनवणारे मोरित्झ यांनी ज्याचं पेटंट घेतलं तो पहिला ट्यूबा एफचाच होता, आणि आज तो जास्त करून ऑर्केस्ट्रातले आणि सोलो वाजवणारे लोक घेतात. वरचे सूर त्याच्यावर सोपे जातात पण खाली उतरलं की घुसमटतो, आणि बँडमधे आमचं कामच खाली. शिवाय इथे ट्यूबाचं नोटेशन खऱ्या सुरात असतं, कागदावर जो सूर तोच वाजवायचा, त्यामुळे ट्यूबा बदलला की बोटं बदलली, म्हणजे दीड वर्षाची सवय मोडून परत श्रीगणेशा. आम्हाला लागतो बी फ्लॅट, ज्याला हे लोक नुसतं 'बे' म्हणतात आणि साध्या बी ला 'हा', या एका गोष्टीवर मी सुरुवातीला किती माती खाल्ली ते विचारू नका.

मग साइझ. तीन चतुर्थांश, चार चतुर्थांश, पार सहा चतुर्थांशपर्यंत. गंमत म्हणजे बी फ्लॅटची नळी सगळ्यांत साधारण साडेपाच मीटरचीच, फरक फक्त जाडीत आणि बेलच्या, म्हणजे भोंग्याच्या तोंडाच्या, रुंदीत, आणि एका कंपनीचा चार दुसऱ्या कंपनीचा पाच निघतो, आपल्या रेडिमेड ड्रेसच्या साइझसारखंच. त्यामुळे आकडा सोडा, मांडीवर घेऊन बघा माउथपीस ओठाशी येतो का मान वाकवावी लागते. आणि तीन व्हॉल्व्हचा (म्हणजे बोटांनी दाबायच्या कळांचा) स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, पहिला आणि तिसरा एकत्र दाबला की सूर चढतो, चौथा असला की ते दुखणं बरंच कमी होतं.

जुना बघायला एकदा ऐंशी किलोमीटर गेले. फोटोत लखलखीत. आमच्या बँडमधले सत्तरीचे ट्यूबावाले आजोबा सोबत होते, त्यांनी व्हॉल्व्ह न दाबता त्याची स्लाइड, म्हणजे सरकणारी नळी, थोडी बाहेर ओढली, जरा थांबले आणि मग व्हॉल्व्ह दाबला. 'पॉप' असा आवाज यायला हवा होता. काहीच नाही. "हवा गळतेय, चल घरी," एवढंच बोलले, येताना गाडीत अवाक्षर नाही.

शेवटी दोन ट्यूबा ट्रायलला आणले. मला एक फार आवडला, वाजवताना कानात नुसता घुमायचा. आजोबांनी मला हॉलच्या पार दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि दोन्ही आलटून पालटून वाजवले, कुठला कुठला ते न सांगता. तर माझा आवडता तिथपर्यंत पोचेपर्यंत पार पसरून गेलेला, आणि जो मला बसून वाजवताना मचूळ वाटला होता त्याचा एकेक सूर सुटा ऐकू येत होता.

तोच घेतला. जुना मीराफोन, इथल्याच वाल्डक्राइबुर्गचा. बोहेमियातल्या (आताच्या चेक देशातल्या) ग्रास्लित्झमधून हाकलले गेलेले वाद्य बनवणारे कारागीर तिथे आले आणि १९४६ मधे त्यांनी सहकारी तत्त्वावर ही कंपनी काढली, हे वाचून आपल्या साखर कारखान्यांच्या मुलखातल्या माणसाला उगाच बरं वाटतं. लॅकर उडालंय, खालच्या मोठ्या वळणावर एक चांगला पोचा आहे. माउथपीसजवळच्या अरुंद नळीत असता तर मी नको म्हटलं असतं, पण एवढ्या जाड भागात आवाजाला काही होत नाही, किंमत मात्र कमी झाली.

रात्री व्हिडिओ कॉलवर आईला दाखवला. ती चष्मा पुसून बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, "पोचा आलेलं भांडं घेतलंस?"