महागड्या टीव्हीची किंमत नेमकी कशासाठी?

दिवाळीच्या तोंडावर आम्ही ५५ इंची ओएलईडी टीव्ही घ्यायचे ठरवले, तेव्हा साध्या एलईडी टीव्हीच्या कितीतरी पट रक्कम आपण नेमकी कशासाठी मोजणार आहोत, याचा मी आठवडाभर विचार केला. दुकानात सर्वाधिक भर ४के या शब्दावर, म्हणजे आधीच्या फुल एचडी दर्जाच्या चौपट ठिपक्यांनी (पिक्सेलनी) बनणाऱ्या चित्रावर होता. वास्तविक, ५५ इंची पडद्यावर फुल एचडीचे ठिपके सुमारे सव्वादोन मीटरपलीकडून साधारण नजरेला वेगळे दिसत नाहीत आणि आमचा सोफा दहा फुटांवर, म्हणजे तीन मीटरवर आहे; शिवाय ४के आता स्वस्त टीव्हीतही मिळते.

खरा फरक आहे तो काळ्या रंगात. एलईडी टीव्हीत पडद्यामागचे दिवे जळत असल्याने रात्रीचे दृश्य करडे दिसते, तर ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि पूर्ण विझूही शकतो, त्यामुळे अंधाऱ्या खोलीत समईच्या ज्योतीभोवतीचा काळोख खराखुरा काळोख वाटतो. हे पाहून मी हरखून गेलो, हे मान्य करतो.

मात्र आमच्या दिवाणखान्यात दुपारभर ऊन येते, बाबा दिवसभर बातम्या लावतात आणि वाहिनीचे एकाच जागी राहणारे बोधचिन्ह ओएलईडी पडद्यावर कायमची छाप सोडू शकते. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरील टीव्हींचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तरीही आमच्या घरासाठी ती किंमत मला पटली नाही. आम्ही मध्यम किमतीचा, अधिक उजळ एलईडी टीव्ही घेतला आणि उरलेल्या पैशांतून चांगला साउंडबार आणला.