डोकं लहान, पोट मोठं

कोल्हापूरच्या गुजरीत चांदीच्या दुकानात बसतो मी. मोड घ्यायची, पैंजण-जोडवी विकायची, हे रोजचं काम. पण जुनं नाणं दुकानात आलं की ते पारखायला माझ्याच पुढ्यात येतं.

मामा एस.टी.तले निवृत्त कंडक्टर. इंग्रज राजा सहाव्या जॉर्जचे रुपये जमवायचा त्यांना नाद. १९३८ चा होता, १९४० ते ४५ पर्यंतचे सगळे होते, १९४७ चा निकेलचाही होता. अल्बमात एकच घर मोकळं राहिलेलं, १९३९ चं. त्या सालचे रुपये फारसे बाहेर पडलेच नाहीत. दुसरं महायुद्ध सुरू झालं, चांदी महागली आणि १९४० पासून सरकारनं रुपयातली चांदी ९१.६७ टक्क्यांवरून थेट निम्म्यावर आणली.

त्या सकाळी मी शटर वर घेतलं तर मामा पायरीवर बसलेले. रुमालाची गाठ सोडत म्हणाले, "घावला बघा. पस्तीस हजाराला."

आठवड्यापूर्वी त्यांनी मला फोन केला होता, काय बघून घ्यावं म्हणून. पुढ्यात गिऱ्हाईक होतं. "तोळाभर वजन भरलं आणि कडेला साधे दाते असले तर घ्या," एवढं बोलून मी फोन ठेवला होता. माझं म्हणणं असं होतं, की १९४० पासूनच्या रुपयाच्या कडेला दात्यांच्या मधून नक्षीची खाच असते. कड साधी असली म्हणजे तो पुढच्या सालचा, निम्म्या चांदीचा रुपया नाही. पण पुरतं सांगितलं नव्हतं.

काट्यावर ११.६४ ग्रॅम. बंदा रुपया तोळ्याचाच, ११.६६ ग्रॅमचा, इतका फरक चालायचाच. मग दोऱ्यात अडकवून पाण्यात तोलला. वजन १.१३ ग्रॅमनं उतरलं, म्हणजे घनता १०.३ च्या आसपास. जुन्या कसाच्या चांदीला तेवढीच यायला हवी. निम्म्या चांदीचा असता तर साडेनऊच्या घरात आली असती. बोटाच्या टोकावर धरून वाजवला तर नाद लांबपर्यंत घुमला. अंगावर ओतीव नाण्याची बारीक छिद्रं कुठंच नाहीत. टाकसाळीतच ठोकलेला रुपया होता तो. मामांना पेढे मागायचे तेवढे राहिले होते.

साल बघायला आयग्लास, म्हणजे डोळ्याला लावायचं भिंग, लावला. नाण्यावरचे आकडे इंग्रजी, म्हणजे १९३९ मध्ये नऊ दोनदा येतो. आधी पहिला नऊ बघितला: वरचा गोल चांगला भरलेला, खाली शेपूट. मग शेवटचा. त्याचं डोकं लहान आणि खालचा भाग फुगीर. इंग्रजी आठाचा असतो ना, वरचा गोल लहान, खालचा मोठा, अगदी तसा. खालच्या गोलाची डावी बाजू कुणीतरी कोरून काढली होती. दिव्याखाली रुपया फिरवला की त्याची झळाळी सगळ्या अंगावरून सरकत जायची आणि नेमकी त्या आकड्याशी येऊन अडायची. तिथं टिकलीएवढी जागा घासून गुळगुळीत केलेली.

रुपया खरा, चांदी खरी. एक आकडा तेवढा खोटा. अख्खा बनावट रुपया बहुतेक वेळा काटाच पकडून देतो. हा मात्र काट्याला, पाण्याला, कानाला, सगळ्यांना पुरून उरला होता. असं काम करणाऱ्याचा मला फार राग येतो. घासायला घेतला तोही ८० वर्षांपेक्षा जुना, न झिजलेला रुपया, तोही गेला.

मामांच्या अल्बमातला ३८ चा मागून घेतला, दोन्ही शेजारी ठेवले आणि आयग्लास त्यांच्या हातात दिला. बराच वेळ बोलले नाहीत.

"म्हंजे ह्यो ३८ चाच?"

"होय मामा. माझं चुकलं. साल बघा म्हणून सांगायला पाहिजे होतं मी."

"३८ चा हाय की माझ्याकडं," एवढंच म्हणाले.

विकणाऱ्याला मी माझ्या फोनवरून दोनदा लावला. मामांचं नाव सांगितल्यावर त्यानं ठेवून दिला, नंतर उचललाच नाही. दुकानानं चांदीच्या भावानं घ्यावा असं मी सुचवलं, पण मामांना तो मोडीत घालायचा नव्हता. मग पुठ्ठ्याच्या चौकोनी पाकिटात बसवला आणि वर "१९३८, साल बदललेलं" असं लिहायला घेतलं.

मामांनी माझा हात धरला. "शिसपेन्सिलीनं नगं," म्हणाले, "पेनानं लिवा. माझ्या माघारी पोरं इकायला काढतील."