फाईलवर लिहिलेलं 'डिप्रेशन'

अमळनेर तालुक्यातला कपाशीचा शेतकरी, वय 34. दोन वर्षांपूर्वीची फाईल, निदान डिप्रेशन. उदासीवरची गोळी एस्सिटॅलोप्रॅम 10 मिलिग्रॅम, पुढे 20. तरी तिसऱ्यांदा उदासीत पडलेला. "माले काहीच गोड लागत नही," एवढंच बोलला. निकष दोन आठवडे आणि नऊपैकी पाच लक्षणांचा. याची सात होती, महिनाभर. टीएसएच (थायरॉईडची तपासणी), व्हिटॅमिन बी-12 ठीक. (रक्तात उदासी दिसत नाही, दुसरी कारणं तेवढी बाद होतात.) कागदावर निदान चोख होतं.

पण उदास माणसाला जुनी तेजी आठवत नाही. कमी झोपूनही कधी अंगात जोर असायचा का, यावर त्याने नुसती मान हलवली. बायको मात्र म्हणाली, एका पोळ्याच्या आधी दहा दिवस हे तीन तासांच्या वर झोपले नाहीत. शेत दोन एकर, ठिबकच्या नळ्या सात एकरांच्या आणल्या, त्याही उधारीवर. मी वर्ष दोनदा विचारलं. गोळ्या सुरू होण्याच्या आदल्या साली. हेच महत्त्वाचं, कारण अशी तेजी गोळीनेही येऊ शकते.

निदान बदललं: बायपोलर, म्हणजे कधी उदासी, कधी तेजी असा आजार. नाव बदललं की औषध बदलतं, नावाचा खरा उपयोग तोच. नुसती उदासीची गोळी अशा माणसाला उन्मादात ढकलू शकते. ती हळूहळू उतरवली. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) पाहून मनाचे चढउतार आवरणारं लिथियम, 300 मिलिग्रॅम, दोन वेळा. सातव्या दिवशी, रात्रीच्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची न घेता रक्तातली लिथियमची पातळी: 0.7. हवं ते 0.6 ते 0.8.

खानदेशातला मे महिना मात्र निदानात लिहिलेला नसतो. 44 अंशात घामावाटे मीठ-पाणी गेलं की मूत्रपिंड लिथियम धरून ठेवतं. त्यात कंबर धरली म्हणून याने मेडिकलवरून डायक्लोफेनॅक ही दुखण्याची गोळी आणून पाच दिवस खाल्ली. तीही पातळी चढवते. आला तेव्हा हात थरथरत होते, चाल झोकांडत होती, जुलाब सुरू होते. पातळी 1.6. लिथियम थांबवलं, भरती करून सलाइन लावलं, रोज रक्त तपासलं.

आता चिठ्ठीवर लाल शाईने लिहितो: अंगदुखीला पॅरासिटामॉलच, मीठ तोडायचं नाही, उलटी-जुलाब झाले तर लिथियमची गोळी बंद आणि लगेच फोन.

नळ्यांचं बिल दुकानदार अजून मागतो. त्यांची बंडलं गोठ्यामागे तशीच पडून आहेत.