किल्ली ते भाडेकरू: बंद घरांच्या देखभालीची आमची वाटचाल

फोंड्यात आम्ही सुरुवात केली ती लोकांच्या किल्ल्या सांभाळण्यापासून. मालक मुंबईला, दुबईला नाहीतर लिस्बनला. येणार फक्त चवथीला, म्हणजे गणपतीला, किंवा जत्रेला. २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या साधारण पाचांतल्या एका घराला कुलूप होतं, तेव्हा गिऱ्हाइकांची वाण नव्हती. वेर्ण्याला, कुंडईला कारखान्यांत येणाऱ्यांना मात्र तेव्हाही भाड्याची खोली मिळत नव्हती.

बंद घराला चोरापेक्षा पाणी जास्त खातं. झावळी पडून एक कौल सरकतं, धार वाशावर उतरते, भिंतीत बसलेलं त्याचं टोक ओलंच राहतं आणि वाळवी तिथूनच चढते. राहत्या घरात हे त्याच दिवशी दिसतं. बंद घरात चवथीला. म्हणून शाकारणी मेच्या मध्यापर्यंत उरकायची. चौरस मीटरला साधारण १५ मंगलोरी कौलं बसतात. बदलीची कौलं त्याच कारखान्याच्या छापाची शोधावी लागतात, कारण दुसऱ्या छापाच्या खाचा जुळत नाहीत आणि फटीतून झड आत येते. पन्हळीतला पाला पावसाळाभर काढायचा, एकदा काढून भागत नाही. उघडीप मिळाली की खिडक्या दोन-तीन तास उघड्या. फ्रिजचं दार कायम उघडं, नाहीतर आत बुरशी. न्हाणीच्या जाळीत मगभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल: जाळीखालच्या सापळ्यातलं, म्हणजे वाकड्या नळीत साचलेलं, पाणी आटलं की गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, तेलाने ते हळू आटतं.

कुलपाबाबत आमचं मत ठाम आहे: कुलूप महागडं आणि कोयंडा स्क्रूंवर, तर पैसे फुकट. पहारीने तो लाकडासकट निघतो. बोल्ट आरपार हवा, नट आतून. किनाऱ्याकडे लोखंडी कुलूप गंजतं, पितळीच घ्यावं. आत तेल नको, धूळ चिकटते, ग्रॅफाइटची पूड घालावी. दर्शनी दाराला आतून अडसर घालून आम्ही मागच्या दाराने निघतो. समोर लोंबणारं कुलूप घर रिकामं असल्याची जाहिरातच करतं. किल्लीवर घराचं नाव नाही, फक्त आकडा.

कागदांवरही पहारा लागतो. बनावट दस्तांवर जमिनी विकल्याची प्रकरणं निघाली, सरकारने २०२२ मध्ये एसआयटी, म्हणजे विशेष तपास पथक, नेमली. तेव्हापासून एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीवर, नवं नाव चढलं का, हे आम्ही ठरावीक काळाने पाहतो. पंचायतीची घरपट्टी आणि लाइट बील थकू देत नाही.

घरात माणूस राहणं हा उत्तम बंदोबस्त, म्हणून पुढे भाडेकरू ठेवण्याचं कामही घेतलं. मालक बिचकतात ते १९६८ च्या भाडे कायद्याला: एकदा आत आलेला माणूस निघत नाही, अशी धास्ती. म्हणून आम्ही अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करतो, पोलीस पडताळणी आधी. वाटण्या न झालेल्या घराचं खरं काम सह्यांचं. भावंडं चार देशांत असतात, आणि परदेशात केलेलं मुखत्यारपत्र भारतात पोचल्यापासून तीन महिन्यांत इथे स्टॅम्प करून घ्यावं लागतं. ती मुदत बरेच जण चुकवतात.

करारात चवथीचं कलम वेगळं लिहितो. देवघर मालकाच्या ताब्यात, त्याची किल्ली आमच्याकडे. गणपतीच्या दिवसांत सोपा आणि स्वयंपाकघर कुटुंबाला, आणि तेवढ्या दिवसांचं भाडं माफ.