भीतीचा मेटल अल्बम: गेन कमी, मोकळी जागा जास्त

हॉरर मेटल करायचं ठरलं की एक हात गेनच्या, म्हणजे गिटारचा आवाज फाडणाऱ्या, नॉबकडे जातो आणि दुसरा सॅम्पल लायब्ररीतल्या किंकाळ्यांकडे. ब्लॅक सबाथ या इंग्लिश बँडचा पहिला अल्बम कान देऊन ऐकला की दोन्ही हात आवरतात. १६ ऑक्टोबर १९६९ ला लंडनमध्ये चौघांनी तो जवळपास एका दिवसात, स्टेजवर वाजवावा तसा एकत्र वाजवून टेप केला. शुक्रवार, १३ फेब्रुवारी १९७० ला तो बाजारात आला. आजच्या मानाने त्यातली गिटार फार फाटलेली नाही. ट्युनिंगही साधं ई स्टँडर्डच, म्हणजे गिटारचं नेहमीचं; सूर तीन सेमीटोन खाली उतरवणं १९७१ च्या तिसऱ्या अल्बमवर आलं. तरीही पहिल्याच गाण्याचा संथ भाग अंगावर येतो.

त्याच्या रिफमध्ये, म्हणजे पुन्हा पुन्हा येणाऱ्या गिटारच्या छोट्या सुरावटीत, आहे काय? खालचा जी, वरचा जी, मग मधला सी शार्प. आपल्या भाषेत सा, तार सा आणि तीव्र मध्यम. म्हणजे यमनमधलाच स्वर, त्यात मुळात भुताटकी काही नाही. यमनात तो पंचमाला जाऊन मिळतो. इथे सबाथचा गिटारवादक टोनी आयोमी त्याला जागच्या जागी थरथरवतो, पंचमाला नुसता स्पर्श होतो, मुक्काम नाही, आणि रिफ पुन्हा खाली सा वर येते. स्वतःची रिफ बांधताना ही सुटका न देण्याची युक्ती उचला. आणि स्वर एकेकटे वाजवा. फाटक्या आवाजात जी-डीची पॉवर कॉर्ड (सा-पची जोडी) धरून वर सी शार्प लावला तर डी आणि सी शार्प एकमेकांवर घासतात, उरतो तो गोंगाट.

लय ६० बीपीएमच्या (मिनिटाला ६० ठोक्यांच्या) आसपास असली की दोन ठोक्यांत पूर्ण एक सेकंद असतो. याच पोकळीत ड्रमर पुढे पळतो. क्लिक (मेट्रोनोमची टकटक) आठव्या भागाची, ठोक्याला दोन, ठेवा, म्हणजे मध्ये आधार मिळतो. पण हेडफोनमधली क्लिक माइकमध्ये झिरपते. वेगवान गाण्यात ते झाकलं जातं, इथे झांजेचा नाद विरत असताना टक-टक स्वच्छ ऐकू येते. बंद पाठीचे हेडफोन घ्या आणि शेवटच्या ठोक्यानंतर क्लिक बंद करा. अँपची घरघरही अशीच उघडी पडते. तिच्यावर नॉइज गेट (ठराविक पातळीखालचा आवाज बंद करणारा) लावला तर तो सुराचं शेपूटच कापतो. त्यापेक्षा प्रत्येक विरामावर हाताने फेड काढा, म्हणजे आवाज हळूहळू उतरवा. कंटाळवाणं काम आहे, पण भीती तिथेच आहे.

सी शार्पपर्यंत सूर उतरवायचाच असेल तर ०.०१०–०.०४६ इंच जाडीच्या तारांचा संच लेस पॉल किंवा एसजी गिटारच्या २४.७५ इंची स्केलवर (तारेच्या लांबीवर) ढिला पडतो. जोरात पिक मारला की स्वर क्षणभर चढतो, आणि दोन टेक एकमेकांशी जुळत नाहीत. ०.०११–०.०५४ किंवा ०.०१२–०.०५६ लावा, जाड तार अडकत असेल तर नटची (मानेच्या टोकाच्या पट्टीची) खाच रुंद करून घ्या आणि ब्रिजवर इंटोनेशन पुन्हा बसवा, म्हणजे वरच्या पडद्यांवरही सूर खरा लागेल. मात्र जाड तार म्हणजेच जड आवाज, हा नियम नव्हे. पत्र्याच्या कारखान्यात आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली होती. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. वितळवलेल्या प्लास्टिकच्या टोप्या घालून तो पातळ तारांवर वाजवायचा.

रिदम गिटार दोनदा वाजवा, एक टेक पूर्ण डावीकडे, दुसरा पूर्ण उजवीकडे. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकला तर तो मधोमधच ऐकू येतो. गेन सरावात ठेवता त्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्याने कमी ठेवा, दोन टेकची फाट एकत्र येऊन पुरेशी होते. ८०–१०० हर्ट्झखालचं सगळं गिटारमधून काढून बेसला द्या. बेसचा थेट (अँपशिवाय वायरने घेतलेला) ट्रॅक आणि अँपसमोरच्या माइकचा ट्रॅक मिसळताना लाटा झूम करून जुळवा. माइक स्पीकरपासून फूटभर लांब असला तरी आवाज साधारण एक मिलिसेकंद उशिरा पोचतो आणि बेस पोकळ होतो.

आता पाऊस. त्या अल्बमवरचा पाऊस, गडगडाट आणि घंटा निर्माता रॉजर बेनने नंतर जोडली. पावसाचा आवाज सगळ्या फ्रीक्वेन्सींवर पसरलेला असतो, त्यामुळे तो झांजा खातो. बँड सुरू होताना तो उतरवून टाका. आपल्याकडे जूनमध्ये फुकट माल मिळतो, पण पत्र्यावरचा पाऊस नुसता ताशा वाजवतो. पानांवरचा घ्या, आणि माइकवर छत्री धरली असेल तर छत्रीवर जुना टॉवेल टाका. चर्चच्या घंटेच्या नादात कोमल गंधार दडलेला असतो; मेजर कॉर्डवर ती खटकते, म्हणून रिफच्या सा वर पिच करून घ्या. देवळातली घंटा सहसा चालत नाही. मराठी श्रोत्याला आरती आठवते, भूत नाही.

गायनासाठी उलटा रिव्हर्ब (घुमणारा नाद) अजूनही चालतो: ओळ उलटी करा, शंभर टक्के ओला, म्हणजे मूळ आवाज न ठेवता फक्त घुमणारा, रिव्हर्ब लावून नवा ट्रॅक काढा, तो पुन्हा सरळ करा आणि मूळ ओळीच्या आधी बसवा. रिव्हर्बच्या ट्रॅकवरून २५० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर चिखल होतो. अल्बममध्ये दोनदा पुरे.

संपूर्ण अल्बमभर एकच कथा सांगायची असेल तर गायक किंग डायमंडचा १९८७ चा ‘अबिगेल’ अभ्यासा: फॉल्सेटो (उंच, पातळ आवाज) आणि खालचा आवाज आलटून-पालटून तो एकटाच वेगवेगळी पात्रं उभी करतो.

मास्टरिंगला, म्हणजे शेवटच्या संस्कारात, लिमिटर (आवाजाची शिखरं दाबून सगळं मोठं करणारं साधन) रेटू नका. सुरुवातीची शांतता आणि पहिला घाव एकाच पातळीवर आले की घाव बसत नाही. गाणी एकमेकांत मिसळत असतील तर अख्खा अल्बम एका सेशनमध्ये लावा आणि वेव्ह फाइली अगदी जोडाच्या सँपलवर कापा. एमपीथ्री टोकांना थोडी शांतता जोडते, मग पाऊस प्रत्येक गाण्याच्या सांध्यावर उचकी देतो.