ड्रॅगनच्या मुलखातला सालगडी

‘स्कायरिम’ हा संगणकावरचा खेळ ११ नोव्हेंबर २०११ रोजी बाजारात आला आणि तेव्हापासून तो खेळणाऱ्या प्रत्येकाला त्याने एकच गोष्ट सांगितली आहे, ती म्हणजे तू कोणी साधासुधा माणूस नाहीस. हात बांधलेल्या कैद्याच्या रूपात तुम्हाला घोडागाडीतून हेल्गेन नावाच्या गावी आणले जाते, शिरच्छेदासाठी मान ओंडक्यावर टेकवली जाते आणि नेमक्या त्याच वेळी आभाळातून ड्रॅगन उतरतो. पुढे कळते की ड्रॅगनांचे आत्मे शोषून घेण्याची शक्ती तुमच्या रक्तातच आहे, आणि तिथून पुढे सरदार, जादूगार, चोरांच्या टोळ्या, इतकेच काय पण देवदेवता यांचीही कामे तुमच्यावाचून अडून राहतात. मी मात्र गेले काही महिने याच खेळात सालगडी होऊन राहतो आहे. त्याचे नाव मी धोंडी ठेवले आहे. धोंडीच्या रक्तात काही विशेष नाही, त्याला शस्त्र चालवता येत नाही आणि व्हाइटरन शहराच्या तटाबाहेरच्या एका शेतावर तो राबतो. हे ऐकणाऱ्याला वाटते की असल्या मुलखात धोंडीला जिवंत ठेवणे कठीण जात असेल. जिवंत तो सहज राहतो. त्याला गरीब ठेवताना मात्र माझ्या नाकी नऊ येतात.

मूळ खेळात असे राहणे जवळजवळ अशक्य आहे, म्हणून मॉडचा, म्हणजे खेळात बदल करण्यासाठी चाहत्यांनी लिहिलेल्या जोडण्यांचा, आधार घ्यावा लागतो. ‘अल्टरनेट स्टार्ट – लिव्ह अनदर लाइफ’ हा मॉड घातला की हेल्गेनची गाडी टळते आणि खेळ एका बंद कोठडीत सुरू होतो. तिथे मारा देवीची मूर्ती आहे. तिच्याशी बोलून आपल्याला कोणता जन्म हवा ते सांगायचे, कोठडीतल्या खाटेवर झोपायचे आणि मागितलेल्या आयुष्यात जागे व्हायचे. जहाज फुटून किनाऱ्याला लागलेला माणूस, जंगलात मुक्काम टाकलेला शिकारी, सराईत उतरलेला वाटसरू असे बरेच पर्याय तिथे आहेत. मी सराईतला वाटसरू निवडला, कारण कामाच्या शोधात गाव सोडलेल्या माणसाची सुरुवात अशीच कुठेतरी परक्या ओसरीवर होते. मारा देवीजवळ धन मागण्याची सोय नाही, हे मला विशेष आवडले.

या खेळाची एक खुबी अशी की त्यातले महासंकट तुमची वाट पाहत थांबते. मुख्य कथेला हात लावून व्हाइटरनच्या टेहळणी बुरुजाजवळची पहिली झुंज तुम्ही घडवून आणली नाही, तर पुढे गावोगावी ड्रॅगन उतरतच नाहीत. स्टॉर्मक्लोक नावाचे बंडखोर आणि साम्राज्य यांचे यादवी युद्धही तुम्ही कोणाच्या बाजूने उभे राहिला नाहीत तर वर्षानुवर्षे जागच्या जागी अडकून पडते. धोंडी त्या बुरुजाकडे फिरकत नाही आणि त्यामुळे अख्खा मुलूख सुरक्षित आहे, ही त्याची कामगिरी कोणालाच माहीत नाही. पुढेमागे ड्रॅगन आलेच तर म्हणून मी ‘रन फॉर युवर लाइव्ज’ हा मॉडही घालून ठेवला आहे. मूळ खेळात ड्रॅगन दिसताच शेतकरी आणि दुकानदार कमरेचा सुरा उपसून त्याच्यावर धावून जातात आणि हकनाक मरतात. या मॉडमुळे ते घरात पळतात. सामान्य माणसाला सामान्य शहाणपण मिळवून देणाऱ्या या छोट्याशा मॉडला मी चकचकीत चित्रे देणाऱ्या कितीतरी मोठ्या मॉडपेक्षा वरचे स्थान देईन.

आता पैशाचे पाहू, कारण खरी अडचण तिथेच आहे. खेळात मजुरीची कामे मुळातच आहेत आणि ती फार कमी जण करतात. शेतातला बटाटा, कोबी, गहू काढून शेतमालकाला विकता येतो. खाणीत कुदळ चालवता येते. लाकडे फोडून विकता येतात. बटाट्याची मूळ किंमत १ नाणे, कोबीची २ आणि गव्हाची ५ आहे, हे मोंढ्यात उभे राहिलेल्या कोणालाही पटण्याजोगे आहे. पण लाकडाचा हिशेब बघा. कुऱ्हाड घेऊन ओंडक्याजवळ उभे राहिले की एका दमात जळणाचे ६ नग निघतात आणि रिव्हरवूड गावच्या लाकूड-गिरणीवर त्याच्या एकेका नगाला ५ नाणी मिळतात. म्हणजे एका दमाला ३० नाणी झाली. सराईतल्या खोलीचे रात्रीचे भाडे १० नाणी आहे. चार घाव घालावेत आणि तीन रात्री निश्चिंत झोपावे, अशी मजुरी ज्या मुलखात मिळते तिथे गरिबी टिकणार तरी कशी? त्यातून वाटेत एखादा दरोडेखोर दुसऱ्या कोणाच्या हातून मेलेला सापडला, तर त्याच्या अंगावरच्या साध्या लोखंडी चिलखताची मूळ किंमतच १२५ नाणी असते. हा खेळ चालणाऱ्याच्या पायाला श्रीमंती चिकटवत राहतो.

म्हणून धोंडीसाठी मी नियम केले. मेलेल्याच्या अंगावरचे काही घ्यायचे नाही. दिवसाला एकच खेप लाकूड फोडायचे. ज्याचे शेत त्याने सांगितल्याशिवाय धुऱ्याच्या आत पाऊल टाकायचे नाही, जरी खेळ तिथले पीक काढण्याला चोरी मानत नसला तरी. नकाशावर बोट ठेवून क्षणात दुसऱ्या शहरी पोहोचण्याची सोय वापरायची नाही. चालायचे, आणि फारच दूर जायचे असेल तर २० नाणी मोजून घोडागाडीत बसायचे. यातले काही नियम ‘सर्व्हायव्हल मोड’ हा तगून राहण्याचा कठीण पर्याय स्वतःच लादतो. तो २०१७ साली आला, त्यात झटपट प्रवास बंद होतो आणि ओझे वाहण्याची ताकद घटते. जळणाच्या एका नगाचे वजन ५ असल्याने ओझ्याची ही मर्यादा माझ्या कोणत्याही नियमापेक्षा अधिक प्रामाणिकपणे काम करते.

भुकेच्या मॉडबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. भूक लागते, पण अन्न जिकडेतिकडे पडलेले असल्याने ती भागवणे केवळ एक बटण दाबण्यापुरते उरते. थंडीची गोष्ट निराळी. ‘फ्रॉस्टफॉल’ या मॉडमध्ये अंगावरचे कपडे किती ऊब देतात, ते किती भिजले आहेत आणि तुम्ही किती वेळ उघड्यावर आहात याचा वेगवेगळा हिशेब चालतो, त्यामुळे उत्तरेकडच्या नदीत पाय घसरला तर दरोडेखोराची गरजच उरत नाही. मे महिन्यात परभणीचा पारा बेचाळिशीच्या पुढे गेलेला असताना, कूलरसमोर बसून, लाईट जाण्याआधी शेकोटी पेटली पाहिजे म्हणून मी धडपडत होतो, हे घरच्यांना समजावून सांगणे मला जमलेले नाही.

शेतीच्या बाबतीत मात्र या खेळाने एक अशी गंमत करून ठेवली आहे की तिच्यावर मी बराच काळ विचार करत राहिलो. स्कायरिममध्ये दुष्काळ नाही. पाऊस पडतो तो केवळ देखावा म्हणून. त्याचा पिकाशी काही संबंध नाही. कापलेला गहू पुन्हा उगवतो, पण कधी, तर खेळाच्या हिशेबाने ते ठिकाण ‘नव्याने मांडले’ जाते तेव्हा, आणि त्यासाठी साधारणपणे खेळातले दहा दिवस तुम्ही तिकडे फिरकलेले नसावे लागता. मधेच डोकावलात तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. याचा अर्थ असा की जो शेतावर राहून राखण करतो त्याच्यासमोर ते शेत रिकामेच राहते, आणि जो निघून जातो त्याच्या माघारी ते भरते. संगणकाची मेमरी वाचवण्यासाठी कोणा प्रोग्रामरने घातलेली ही सोय असणार, त्यात अर्थ शोधू नये हे मला कळते. तरीही दसरा सरला की कोयते बांधून कारखान्यांच्या वाटेला लागणारी बीडकडची कुटुंबे डोळ्यांसमोर येतात, आणि ज्या लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या बाजूच्या शेतकऱ्याला ‘तू शेतावरून निघून जा, म्हणजे पीक येईल’ असे सांगणारा हा नियम केवढा क्रूर विनोद वाटेल, असे मनात येऊन जाते. धोंडीला या नियमामुळे दर सुगीनंतर गाव सोडावे लागते. तो रिव्हरवूडला लाकडे फोडतो आणि दहा-बारा दिवसांनी परततो.

जमिनीचेही तसेच आहे. ‘हर्थफायर’ हा जोडभाग २०१२ साली आला आणि त्यात घर बांधण्यासाठी जमीन विकत घेता येऊ लागली. तिची किंमत ५००० नाणी आहे, पण नुसती नाणी साठवून ती मिळत नाही. त्या भागाच्या जार्लची, म्हणजे तिथल्या सरदाराची, एखादी कामगिरी पार पाडून त्याची मर्जी संपादन करावी लागते आणि ती कामगिरी बहुधा हत्याराची असते. कसणाऱ्याच्या घामाला तिथे जमिनीवर कसलाही हक्क नाही. आमच्याकडे १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची राजवट गेली आणि १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने कसणाऱ्या कुळांना संरक्षण दिले. त्या कायद्याची वाट पुष्कळ ठिकाणी अडवली गेली हे खरे असले, तरी निदान तो होता. व्हाइटरनच्या जार्लच्या दरबारात असा कागद नाही, आणि इतक्या हजार मॉडमध्ये तो लिहिण्याची गरज कोणाला वाटल्याचेही माझ्या पाहण्यात नाही. उलट, धोंडी कधी ना कधी चिलखत चढवून राजवाड्याच्या पायऱ्या चढेल, असेच प्रत्येक मॉड गृहीत धरून बसलेला असतो.

माझ्या एका मित्राचा याला आक्षेप आहे. त्याच्या मते लॅपटॉप, वीजजोडणी आणि मोकळा वेळ असलेल्या माणसाने गरिबीचा खेळ खेळणे ही एक प्रकारची चैन आहे. आक्षेपात तथ्य आहे आणि तो खोडून काढावा असे मला वाटत नाही. मात्र हाच खेळ एका जाणत्या माणसाने पाहिला तेव्हा त्याने चैनीचा मुद्दा काढला नाही, त्याने वेगळाच प्रश्न विचारला.

गावी आमच्या शेतातल्या आखाड्यावर पूर्वी एक काका सालाने होते. १९७२ च्या दुष्काळात त्यांनी खडी फोडली, नंतर अनेक पाडवे त्यांनी आमच्याकडे आणि आसपासच्या वाड्यांवर काढले, आणि आता ते मुलाकडे राहतात. मी पडद्यावर धोंडीला गहू काढताना दाखवला. त्यांनी बराच वेळ न बोलता पाहिले, वाकण्याची पद्धत चुकीची आहे असे सांगितले, आणि मग म्हणाले, “बापू, समदं ठीक हाय, पर ह्याचा मालक कुठंय?”

मालक होता, पण मी त्याच्याकडे लक्षच दिले नव्हते. व्हाइटरनबाहेरचे चिलफरो फार्म नझीम नावाच्या गृहस्थाच्या मालकीचे आहे. शेतावर विल्मथ राबतो आणि नझीम शहरात उंची कपडे घालून हिंडतो. राजवाड्याकडच्या वरच्या वस्तीत आपली किती ऊठबस आहे हे येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवणे हा त्याचा उद्योग. स्कायरिम खेळणाऱ्यांत हा माणूस इतका नावडता आहे की त्याला निरनिराळ्या प्रकारे ठार मारणे हा अनेकांचा छंद होऊन बसला आहे. धोंडीला ती मुभा नाही. रस्त्यात नझीम समोरून आला की धोंडी बाजूला होतो. तो टोमणा मारतो, धोंडी ऐकतो आणि गप्प राहतो.

काकांच्या प्रश्नानंतर मी खेळाची मांडणी बदलली. स्कायरिममध्ये उसनवारी नाही, उचल नाही, मुलीच्या लग्नासाठी अंगठा देऊन काढलेली रक्कम नाही. तिथल्या प्रत्येक व्यवहाराचा निकाल जागच्या जागी लागतो. सालगड्याचे जगणे मात्र उचलीपासून सुरू होते. तेव्हा मी एक वही केली आणि धोंडीच्या नावावर नझीमकडून घेतलेली ५०० नाण्यांची उचल मांडली. खेळाची तारीख लास्ट सीड महिन्याच्या १७ पासून सुरू होते, तो सुगीचाच महिना आहे, म्हणून साल तिथून तिथपर्यंत धरले. मजुरीतला ठरलेला हिस्सा धोंडी शेतघराबाहेरच्या पिंपात टाकतो आणि मी वहीत तेवढा आकडा वजा करतो. हे पिंपसुद्धा काही काळाने खेळाच्या नियमानुसार नव्याने मांडले जाते आणि आतली नाणी नाहीशी होतात, त्यामुळे ती मालकाने नेली असे मानायला अडचण येत नाही. खेळातला एक दिवस आपल्या ७२ मिनिटांचा असतो. झोप आणि वाट पाहण्याचा वेळ उडवला नाही तर एक साल भरायला ४३८ तास लागतील. धोंडी रात्री झोपतो, म्हणून एवढे लागणार नाहीत, पण पाडवा अजून पुष्कळ लांब आहे.

दिवाळीत ही वही मी काकांना दाखवली. त्यांनी मुलाकडून आकडे वाचून घेतले, दोन ठिकाणी मान हलवली आणि विचारले, “आन् व्याज?” मी व्याज लावले नव्हते. “मग ह्यो मालक न्हाई, पाव्हणा हाय,” असे म्हणून त्यांनी वही परत दिली. त्यानंतर शेकडा दोन रुपये महिना या त्यांच्याच काळच्या दराने मी व्याजाचा रकाना आखला आहे. आजारपणाचे खाडे कसे धरायचे, हे त्यांना पुढच्या खेपेला विचारायचे आहे.